हात लावण्याआधी फोन करा

शर्वरी मगदूमच्या पडद्यावर त्या सकाळी सात ओळी पिवळ्या झाल्या होत्या आणि त्यांच्याखाली यंत्राने शेरा मारला होता : ‘मूळ बाहेरचं. उपयोग शून्य. वगळल्या.’

शेरा मारणाऱ्याला ना तोंड होतं ना लाज, त्यामुळे भांडायचं कुणाशी हाही प्रश्नच होता. त्या सात ओळी शर्वरीला पाठ होत्या. सोळा वर्षांपूर्वी मिरजेत, सतारमेकर गल्लीतल्या एका माडीवर इलाही सरांनी त्या लॅपटॉपवर लिहिल्या, तेव्हा ती शेजारी बसून वहीने वारा घालत होती. वीज गेलेली होती आणि त्या काळी वीज जाण्याला मिरजेत कुणी बातमी म्हणत नसे. आता ती उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावर, ओस्टरहाफेन नावाच्या गावात, सरकारी यंत्रांचे प्रोग्राम तपासणाऱ्या ‘सार्वभौम संहिता मंडळा’च्या चकचकीत इमारतीत अभियंता होती. आणि त्याच ओळींची काही गरज नाही, असं तिने सही करून लिहून द्यावं अशी मंडळाची अपेक्षा होती.

इलाही सर म्हणजे इलाही सतारमेकर. वडील सतारी घडवणारे. मुलगा तंत्रनिकेतनात शिकवायचा आणि उरलेल्या वेळात गावातल्या दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करायचा. युरोपातल्या इस्पितळांनी जुने म्हणून काढून टाकलेले औषधपंप तेव्हा दानात मिरजेला येत. थेंबाथेंबाने शिरेत औषध सोडणारे हे पंप वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि एकाचं घड्याळ दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. सरांनी खाटेजवळ ठेवायची एक छोटी पेटी बनवली. कुठलं औषध कधी द्यायचं हे ती पेटी सगळ्या पंपांना सांगायची. त्या पेटीतल्या प्रोग्रामला त्यांनी नाव दिलं ‘जवारी’. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिच्या पृष्ठभागाला देतात तो जेमतेम दिसेल न दिसेल असा उतार म्हणजे जवारी. नवख्याला तो उतार घासणाऱ्याची चूक वाटतो. सरांचे वडील म्हणायचे, सपाट केली की सतार मुकी झाली.

सरांनी हा प्रोग्राम इंटरनेटवर ठेवून दिला. कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. अट एकच की लिहिणाऱ्याचं नाव आणि सोबतची टीप काढू नये. त्या सात ओळींच्या डोक्यावर टीप होती : ‘याला हात लावण्याआधी फोन करा.’ पुढे सरांचा मोबाइल नंबर. कारण कुठेही लिहिलेलं नव्हतं.

“कारण का नाही लिहीत, सर?” शर्वरीने तेव्हाच विचारलं होतं.

“लिवलं की लोक वाचत्यात आन् कळलं म्हणून सोडून देत्यात,” सर म्हणाले होते. “इचारायला आला की त्याला समोर बसवून सांगता येतं. आमच्या अब्बांनी कुठं काय लिवून ठेवलं?”

युरोपात ‘जवारी’ कशी पोहोचली, ती हकीकत युरोपच्या तोंडून ऐकण्यासारखी होती, पण युरोप ती आता सांगत नसे. एका मंगळवारी समुद्रापलीकडच्या एका बलाढ्य कंपनीने, आपल्या सरकारच्या हुकमावरून, इथल्या अर्ध्या खंडाच्या सेवा बंद केल्या होत्या. न्यायालयांच्या फायली उघडेनात, नगरपालिकांची पत्रं जाईनात, इस्पितळांना आपलेच रोगी कोण हे कळेना. नऊ दिवस हे चाललं. घर आपलं आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, हे तेव्हा सगळ्यांना उमगलं. मग सरकारांनी ठरवलं, ज्या सॉफ्टवेअरचं पोट उघडून बघता येतं तेच वापरायचं. ओपन सोर्स म्हणजे भिंतीवर लिहून ठेवलेली पाककृती. कुणीही वाचावी, करून बघावी, मीठ कमी वाटलं तर सांगावं. ब्राझीलमधल्या, केनियातल्या, मिरजेतल्या माणसांनी वर्षानुवर्षं फुकट लिहिलेल्या हजारो पाककृती भिंतीवर होत्याच. युरोपने त्या घेतल्या आणि त्यांच्यावर आपलं स्वातंत्र्य उभं केलं. हे चांगलंच झालं होतं. शर्वरी त्याच उत्साहात इथे आली, ‘जवारी’ तिनेच इथल्या इस्पितळांत बसवली, पेटीवर दिसणारी वाक्यं तिनेच जर्मनमध्ये आणली. त्याला चौदा वर्षं झाली.

पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि सरकार तर ताकवालीचं कूळही विचारतं. किल्ली आपल्या कमरेला आली तसा प्रश्न निघाला की कुलूप घडवलं कुणी. मग ‘उगम’ आलं.

‘उगम’ हे यंत्र प्रोग्रामची एकेक ओळ वाचून ती कुणी आणि कुठे लिहिली हे सांगायचं. नाव खोडलं तरी सांगायचं. प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही हस्ताक्षर असतं. तो नावं लांब ठेवतो की तोकडी, एक काम किती तुकड्यांत करतो, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे आधी कशाचा विचार करतो. काही माणसं सगळं सुरळीत चालेल असं धरून लिहितात आणि बिघाडाचं शेवटी बघतात. काही पहिल्या ओळीपासून बिघाड धरूनच चालतात. कोट्यवधी ओळी वाचून ‘उगम’ हे वळण शिकलं होतं. नव्या कायद्यानुसार सरकारी आणि इस्पितळी यंत्रांत बाहेरच्या वळणाची ओळ चालणार नव्हती. अशी ओळ पिवळी व्हायची आणि ‘उगम’ला जोडलेलं दुसरं यंत्र ती नव्याने लिहायचं. ओळ नवी, म्हणून जुन्या लेखकाच्या अटी तिला लागू नाहीत, असा वकिलांनी निर्वाळा दिला होता. चोराने घरातली भांडी वितळवून नवी करावीत आणि म्हणावं, यावर तुमचं नाव कुठे आहे, त्यातली गत.

शेवटी माणसाची सही लागायची, कारण यंत्राला तुरुंगात टाकता येत नाही. ‘जवारी’साठी नोंदलेली जाणकार एकच होती, शर्वरी.

ती प्रमुखांच्या खोलीत गेली. डॉ. होल्म पन्नाशीच्या, शांत आवाजाच्या बाई होत्या. वाईट म्हणावं अशा मुळीच नव्हत्या, आणि शर्वरीला त्याचाच जास्त राग यायचा.

“चार लाख चाचण्या झाल्या,” डॉ. होल्म म्हणाल्या. “एकाही चाचणीत त्या सात ओळी चालल्याच नाहीत. न चालणारी ओळ ठेवून काय करायचं?”

“चाचणीत तुम्ही वीज घालवली होती का?”

“आपल्या इस्पितळाची वीज जात नाही. जनरेटर आहे.”

“जनरेटर सुरू व्हायला बारा सेकंद लागतात. तेवढ्यात पेटी बंद होऊन पुन्हा चालू होते आणि तिचं घड्याळ मागे पडतं. अडीच वाजलेत आणि पेटीला वाटतं पावणेदोन. मग दोनचं औषध, जे दिलेलं आहे, ते ती पुन्हा देते.”

“त्याची सोय नव्या आवृत्तीत आहे. घड्याळं जुळली नाहीत तर वॉर्डातल्या सगळ्या पेट्या एकमेकींना विचारतात आणि बहुमताने वेळ ठरते.”

“एकाच वेळी सगळ्याच झोपेतून उठल्या असतील तर?” शर्वरी म्हणाली. “त्या सात ओळी एवढंच सांगतात, की झोपेतून उठलेल्या घड्याळावर विश्वास ठेवू नये, स्वतःच्याही. थांबावं आणि माणसाला विचारावं. एकदा मेन स्विच पाडून बघू या. मी पाडते.”

“जे घडत नाही ते आम्ही तपासत नाही, फ्राउ मगदूम.”

आयुष्यात कधी अंधारात बसावं न लागलेल्या माणसाला हे वाक्य इतक्या सहज बोलता येतं. शर्वरीला वाटलं, या बाईंना महिनाभर मिरजेत नेऊन ठेवावं. तिने सही करायला नकार दिला.

डॉ. होल्मनी मान डोलावली आणि एक कागद तिच्यापुढे सरकवला. “तुमच्या नागरिकत्वाच्या अर्जाबरोबर ‘उगम’चा अहवाल जोडावा लागतो. तुमचं स्वतःचं काम तपासलं. बहात्तर टक्के पिवळं आलंय.”

“मी इथे चौदा वर्षं आहे. ते सगळं काम याच इमारतीत बसून केलंय.”

“वळण बाहेरचं आहे, असं यंत्र म्हणतं. ही सही झाली असती तर मी तुमच्यासाठी शब्द टाकला असता.”

असा सौदा होता तर. ज्या हाताचं वळण सरांचं म्हणून बाद, त्याच हाताची सही सरांना पुसायला हवी होती. शर्वरी कागद तिथेच ठेवून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून बाजूला केल्याचं पत्र आलं. नवा जाणकार नोंदवायला सहा आठवडे लागणार होते, आणि नियमाप्रमाणे सही होईपर्यंत इस्पितळात जुनीच ‘जवारी’ चालणार होती. तिच्या हातात एवढे सहा आठवडे होते.

तिने सरांना फोन लावला. मिरजेत संध्याकाळ होत होती. मागे कुणीतरी तार जुळवताना ऐकू येत होतं.

“त्या सात ओळी काढतायत, सर.”

“फोन न्हाई आला की गं कुणाचा,” सर म्हणाले. “नंबर तर दिलाय. तोच ठेवलाय मी, बदलला न्हाई. कुणी इचारलं तर असावा म्हणून.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आश्चर्य होतं. शर्वरीला भडभडून आलं आणि त्याच्या दुप्पट संताप आला.

पाचव्या आठवड्यात उष्णतेची लाट आली. ज्या गावात पंखा विकत मिळत नसे तिथे रस्त्याचं डांबर बुटांना चिकटायला लागलं. घरोघरी नव्याने बसवलेली थंड हवेची यंत्रं एकदम सुरू झाली आणि गुरुवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी शर्वरीच्या स्वयंपाकघरातला फ्रिज गप्प झाला.

ही शांतता तिच्या चांगल्या ओळखीची होती. शेजारीपाजारी खिडक्या उघडून आभाळाकडे बघत होते, जणू वीज तिकडे गेली असावी. शर्वरीने सायकल काढली. बंद सिग्नलपाशी गोंधळलेल्या मोटारींमधून ती तीन किलोमीटर दामटत गेली आणि धापा टाकत बालरुग्ण विभागाच्या दारात पोहोचली. तोवर जनरेटर सुरू होऊन दिवे आले होते.

एकेचाळीस खाटा होत्या. एकेचाळीस पेट्यांवर एकच मजकूर होता, तिनेच कधीकाळी जर्मनमध्ये आणलेला : ‘मी आत्ताच उठले आहे. माझ्या घड्याळावर विश्वास ठेवू नका. शेवटचं औषध दिलं का?’

मुख्य परिचारिका सिस्टर मरायके हातात कागदी तक्ता घेऊन खाटेखाटेपाशी जात होती. तक्ता बघायची, मुलाकडे बघायची, बटण दाबायची, पुढे सरकायची. मागून बाकीच्या नर्सेस. कुणी ओरडत नव्हतं. एका मुलीने पेटीवरचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिच्या शेजारचा मुलगा हसला. अकरा मिनिटांत सगळ्या पेट्या चालू झाल्या. शर्वरी भिंतीला टेकून उभी होती.

“काहीच झालं नाही,” मरायके तिच्याजवळ येऊन म्हणाली. मग तक्ता पुढे धरला. “दोनचं औषध सगळ्यांना देऊन झालं होतं. तेवीस पेट्यांची घड्याळं दोनच्या आधीची वेळ दाखवत होती. मी मोजली.”

एकेचाळीसात तेवीस. म्हणजे बहुमत झालंच असतं, आणि एकेचाळीस मुलांच्या शिरेत दोनचं औषध दुसऱ्यांदा गेलं असतं. त्यातली किती मुलं संध्याकाळ बघती, हा हिशेब शर्वरीने केला नाही.

“यांना थांबायला कुणी शिकवलं?” मरायकेने विचारलं.

“मिरज नावाच्या गावातल्या एका मास्तरांनी,” शर्वरी म्हणाली, आणि तिथेच खुर्चीवर बसून तिने तिला सगळं सांगितलं, लोडशेडिंगपासून पिवळ्या ओळींपर्यंत. मरायके मधे एकदाच बोलली. “नंबर सांग,” ती म्हणाली, आणि तो तक्त्याच्या मागे लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळा होता : ‘सार्वभौम सॉफ्टवेअर कसोटीला उतरलं.’ डॉ. होल्म दूरचित्रवाणीवर सांगत होत्या, की आपल्या मातीतल्या तंत्राने आपल्या मुलांचं रक्षण केलं. जे तंत्र पुढच्या आठवड्यात कचऱ्यात जाणार होतं, ते एका दुपारीत त्यांच्या मातीतलं झालं. सुकलं तर तुझं झाड आणि फळलं तर माझं, असा हा न्याय.

शनिवारी त्यांनी शर्वरीला बोलावून घेतलं. नवा मसुदा तयार होता. सात ओळी परत आल्या होत्या, नव्या वळणात लिहिलेल्या, आणि मुळाच्या रकान्यात होतं : ‘वॉर्डातील अनुभवावरून मंडळाने विकसित.’ सरांचं नाव नव्हतं. टीप नव्हती. नंबर नव्हता.

“तुम्हाला ओळी हव्या होत्या, त्या राहिल्या,” डॉ. होल्म म्हणाल्या. “सही करा. नागरिकत्वाचंही मी बघते.”

“आणि नाव?”

“नाव ठेवलं तर ‘उगम’ प्रमाणपत्र देत नाही. माझ्या हातात नाही ते.”

शर्वरीने वेळ मागून घेतला आणि बाहेर बागेतल्या बाकावर बसून सरांना फोन केला. सरांनी सगळं ऐकलं.

“पोरं बरी हायत न्हवं? मग झालं की. नावाचं काय घेऊन बसलीस? अब्बांनी सतारीवर कधी नाव घातलं न्हाई. तू कर सही. तुझी कागदं अडकवू नको.”

“सर, तुमच्या या मोठेपणावरच त्यांचं फावतंय,” शर्वरी म्हणाली. आवाज चढला होता आणि तिने तो खाली आणला नाही. “अब्बांची सतार घेणारा माणूस गल्लीत यायचा, समोर बसायचा. नाव घालायची गरजच नव्हती. हे लोक आले नाहीत, बसले नाहीत, त्यांनी विचारलं नाही. उद्या आणखी एखादी ओळ काढताना कुणाला विचारायचं हेच त्यांना कळणार नाही. नंबर गेला की विचारायची जागाच गेली. मुलं त्या दिवशी ओळींमुळे वाचली, पण ओळी वाचल्या त्या मी तुमच्यासमोर बसून विचारलं होतं म्हणून.”

सरांनी मागे तार जुळवणाऱ्याला थांबवलं.

“व्हय,” ते म्हणाले. “हे मला सुचलं न्हाई. तुझं खरं हाय.”

ती आत गेली. नव्या मसुद्याला तिने हात लावला नाही. जुन्या ‘जवारी’चं प्रमाणपत्र तिने समोर घेतलं, मुळाच्या रकान्यात ‘इलाही सतारमेकर, मिरज’ असं लिहिलं, पुढे फोन नंबर घातला आणि खाली सही केली. डॉ. होल्म बघत राहिल्या. यंत्राने क्षणात उत्तर दिलं : ‘अमान्य.’

“याने काय साधलं?” त्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

“मंडळाचं प्रत्येक प्रमाणपत्र लोकांना बघायला खुलं असतं आणि खोडता येत नाही. कायदा तुमचाच आहे, सेवा बंद पडल्या त्या नऊ दिवसांनंतर तुम्हीच केलेला. आता हे कायम राहील, अमान्य असा शेरा घेऊन,” शर्वरी म्हणाली. “लोक वाचतील आणि विचारतील, की अमान्य का.”

तिची नोकरी गेली. अर्ज स्थगित झाला. निघताना कुणी तिच्याकडे बघितलं नाही, आणि ज्यांनी बघितलं त्यांनी लिफ्टचं बटण उगाच पुन्हा दाबलं. चौदा वर्षांच्या सहवासाची किंमत तिला त्या लिफ्टमध्ये कळली आणि ती तिला फार स्वस्त वाटली.

सहा आठवडे भरले आणि मंडळाला दुसरा जाणकार मिळाला. नवा प्रोग्राम घातलेल्या पेट्या बसवायला माणसं सोमवारी इस्पितळात गेली तेव्हा सिस्टर मरायके दारात उभी होती आणि तिच्या मागे तिन्ही पाळ्यांच्या नर्सेस. त्यांनी लेखी कळवलं होतं, की ज्या पेटीवर बनवणाऱ्याचा नंबर नाही ती आम्ही मुलांच्या खाटेला लावणार नाही. माणसं आत जाऊन बघून परत फिरली. वॉर्डातल्या एकेचाळीसही जुन्या पेट्यांवर पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या आणि त्यांवर बॉलपेनने, निरनिराळ्या हस्ताक्षरांत, एकच वाक्य होतं : ‘याला हात लावण्याआधी फोन करा.’ खाली एक्क्याण्णवने सुरू होणारा नंबर. ‘उगम’ला प्रोग्राम वाचता यायचा, चिठ्ठी त्याच्या कामाची नव्हती.

शर्वरी खोक्यांमध्ये पुस्तकं भरत होती तेव्हा मिरजेहून फोन आला.

“अगं, एक बाई बोलत होती,” सर म्हणाले. त्यांना धाप लागली होती. माडीवरून खाली गल्लीत सांगायला गेले असावेत. “मरायका का काय नाव. इंग्रजी तिचंबी तसलंच आन् माझंबी तसलंच. इचारत होती, पेटी थांबती ते का थांबती, बाकीच्या नर्सेसना शिकवायचंय म्हणं.”

“मग सांगितलंत?”

“सांगितलं की. तासभर बोललो. सोळा वर्षं झाली गं नंबर लिवून. पहिला फोन.”

शर्वरीने हातातलं पुस्तक खोक्यावर ठेवलं. मिरजेचं तिकीट टेबलावर होतं आणि राग अजून होता तिथेच होता. तो घालवायचा तिचा विचारही नव्हता.

“सर,” ती म्हणाली, “नंबर बदलू नका.”